पाण्याखालचा तट

आमच्या जावळी तालुक्यात पाण्याखाली काय आहे असे विचारले, तर म्हातारी माणसे मासे किंवा शेवाळ सांगत नाहीत. गावांची नावे सांगतात. १९६० च्या दशकात कोयनेचे धरण झाले, शिवसागर जलाशय बामणोली-तापोळ्यापर्यंत पसरला आणि खोऱ्यातली शेते, खळी, देवळे त्याच्या पोटात गेली. कोणी मुंबईला माथाडीत गेले, कोणी पुनर्वसनाच्या गावाला. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या बांधांच्या रेघा उघड्या पडतात आणि लाँचमधून जाताना एखादी आजी बोट दाखवून म्हणते, 'तिथं आमचं घर हुतं.' त्यामुळे हौसेने पाण्याखाली जायचे, वर त्याचे पैसे मोजायचे, ही कल्पना मेढ्याच्या बाजारपेठेत सांगून पाहा. जुना माणूस आधी तुमच्या तब्येतीची चौकशी करील.

तरुण मात्र जातात. दिवाळीच्या सुट्टीत, नाताळात, जोडून आलेल्या शनिवार-रविवारी साताऱ्याकडून गाड्या भरभरून मालवणला निघतात आणि परतताना प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये दोन मिनिटांचा एक व्हिडिओ असतो. हिरवट पाणी, तोंडात नळी, डोळ्यांवर काचेचा मुखवटा, भोवती काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे आणि वर केलेला अंगठा. आमच्या आळीत असे निदान दहा व्हिडिओ मी कौतुकाने पाहिले असतील. सगळ्यांत चेहरा दिसतो, मासे दिसतात. ज्याच्यामुळे ते मासे तिथे आहेत आणि ज्याच्यावर पुष्कळदा ह्या मंडळींचे पाय टेकलेले असतात, त्याच्याकडे कोणी पाहिलेले नसते. हा लेख त्या पायाखालच्या वस्तूविषयी आहे. ती वस्तू दगड नाही.

जावळीचा आणि मालवणच्या समुद्राचा संबंध तसा जुना आहे. जानेवारी १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली, त्याबरोबर कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा हाती आल्या. पुढे नऊ वर्षे पुरी व्हायच्या आत, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी, मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. डोंगरातला राजा समुद्रात उतरला तो असा आमच्या दारावरून. पाण्याचेही नाते आहे. जावळीच्या डोंगरांवर पडणारा पाऊस कोयनेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जायचा. पण विजेसाठी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरवलेले पाणी वाशिष्ठीला मिळते आणि दाभोळपाशी अरबी समुद्रात जाते. घाटावरचे पाणी कोकणात धाडायचे काम आपण केव्हाच केले आहे. माणसे आता जाऊ लागली एवढेच.

सिंधुदुर्गाच्या जागेची निवड किती विचारपूर्वक होती हे किल्ल्याच्या तटावर उभे राहून कळत नाही. ते ओहोटीला होडीतून कळते. किल्ल्याच्या भोवती, विशेषतः पश्चिमेच्या अंगाला, पाण्याच्या वर टोक काढणारे आणि पाण्याखाली दडलेले असंख्य खडक आहेत. माहीतगार तांडेलाशिवाय परक्या जहाजाने जवळ यावे आणि बूड फोडून घ्यावे, अशी ती जागा आहे. म्हणजे चिरेबंदी तटाच्या बाहेर आणखी एक तट आहे, न दिसणारा आणि कोणी न बांधलेला. मालवणच्या प्रवाळांची वस्ती आहे ती ह्याच तटावर.

प्रवाळ म्हटले की आपल्याकडे आधी आठवते ते अंगठीतले पोवळे. मंगळासाठी बोटात घालतात ते तांबडे पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातले, आणि त्याची जात निराळी. मालवणला आहेत ते खडकावर वस्ती करणारे दगडी प्रवाळ. प्रवाळ हा प्राणी आहे. एकेक जीव तांदळाएवढा किंवा त्याहून थोडा लहानमोठा, तोंडाभोवती झालर, आणि बुडाशी चुन्याची वाटी. हजारो वाट्या एकमेकींना चिकटून गोटा होतो, पान होते, फांदी होते. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल भाड्याने राहते आणि उन्हावर अन्न शिजवून त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. प्रवाळाला रंग येतो तो बहुतांशी ह्या भाडेकरूंमुळे. मालक आणि भाडेकरू इतक्या गुण्यागोविंदाने राहण्याचे दुसरे उदाहरण निदान मुंबई-पुण्यात तरी सापडणार नाही.

वाढण्याचा वेग मात्र फार मंद. गोट्यासारखी वाढणारी पोरायटिस जातीची वस्ती वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढते. कंबरेएवढा उंच गोटा दिसला तर त्याने जन्म घेतला तेव्हा लोकमान्य टिळक हयात होते असे समजायला हरकत नाही. मुदत ठेवीवर एवढ्या धीम्या गतीने व्याज दिले असते तर आमच्या बँकेसमोर लोकांनी मोर्चे आणले असते.

भारताचा पश्चिम किनारा गढूळ. पावसाळ्यात नद्या गाळ आणून ओततात. इथे प्रवाळ फारसे टिकणार नाहीत, त्यांनी लक्षद्वीपला किंवा अंदमानला राहावे, असा समज पूर्वी होता. १९७९ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या डॉ. कासिम आणि डॉ. वाफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत मालवण होते. हेच डॉ. कासिम पुढे भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेते झाले. मालवणची वस्ती लक्षद्वीपसारखी मैलोगणती पसरलेली नाही. ती खडकाखडकावर तुकड्यातुकड्याने आहे. कुठे पोरायटिसचे गोटे, कुठे टर्बिनेरियाची कोबीच्या गड्ड्यासारखी उलगडलेली पाने. पण गढूळ पाणी सोसून ती उभी आहे, आणि तिच्या कपारींत गोबऱ्यापासून शेवंडापर्यंत अनेकांची बिऱ्हाडे आहेत. कोळ्याच्या जाळ्यात येणारा मासा लहानपणी कुठेतरी लपून वाढलेला असतो. ते 'कुठेतरी' म्हणजे बऱ्याचदा ही कपार असते.

१३ एप्रिल १९८७ रोजी सरकारने मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातला तीन चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक भाग गाभा, आणि त्या गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतीचे बुडते खडक. कागदावर निर्णय चांगला होता. मालवणच्या मच्छीमारांनी त्याला कडाडून विरोध केला.

बँकेच्या नोकरीत नव्वदच्या दशकात माझी मालवणला बदली झाली तेव्हा हा विरोध ताजाच होता. माझ्याकडे कर्जाचे काम. होडी, जाळे, बाहेरून लावायचे इंजिन यांसाठी अर्ज येत. तारण तपासायला जावे तर तारण समुद्रावर गेलेले असे, आणि ते परतेपर्यंत रापणकरांबरोबर वाळूत बसावे लागे. तिथे जे ऐकले ते कुठल्याही अहवालात नव्हते. शंभर माणसांनी मिळून रापण ओढायची आणि पाटीतले मासे वाट्याने वाटून घ्यायचे, असा तो पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. त्यांचे म्हणणे साधे होते : मोठ्या यांत्रिक बोटी येऊन समुद्र खरवडून नेतात त्यांना कोणी हटकत नाही, आणि आम्ही ज्या खडकांवर गळ टाकतो तिथे येऊन तुम्ही रेघ मारता. हा राग मला तेव्हाही समजत होता आणि आजही समजतो. आमच्या कोयनेच्या माणसांनीही नकाशावरची रेघ आधी पाहिली होती आणि पाणी नंतर. वनखात्याच्या आणि मच्छीमारांच्या ह्या ताणाताणीत अभयारण्य बरीच वर्षे कागदावरच राहिले.

मग वारे फिरले. मासा कमी झाला, तारकर्लीला पर्यटक वाढले. २०१२ नंतरच्या काही वर्षांत संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गात किनाऱ्याच्या जीवसृष्टीसाठी एक प्रकल्प चालला, त्यात स्थानिक मुलांना स्कूबाचे आणि स्नॉर्केलिंगचे शिक्षण मिळाले. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभी केली. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचा त्यात पुढाकार होता. प्रवाळांचे तुटके तुकडे चौकटींवर लावून पुन्हा वाढवण्याचे प्रयोगही त्याच काळात झाले. ज्या खडकांवर अभयारण्याची रेघ नको म्हणून भांडण झाले, त्याच खडकांवर आता त्या घरांतली मुले पर्यटकांचा हात धरून उतरतात आणि संध्याकाळी घरी रोख पैसे नेतात. निवृत्तीनंतर मी मालवणला गेलो तेव्हा जुन्या कर्जदारांपैकी एकाचा मुलगा भेटला. बापाच्या होडीवरच आता हवेच्या टाक्या रचलेल्या होत्या.

त्याच्याच होडीतून मी उतरलो. आधी फॉर्म. दमा आहे का, रक्तदाब आहे का, कानाचे दुखणे, हृदयाचे दुखणे. आयुष्यभर लोकांकडून न वाचता सह्या घेतल्यामुळे मी मात्र प्रत्येक ओळ वाचली. मेढ्याच्या डॉक्टरांकडून तपासणी करून चिठ्ठी नेलीच होती. साठीच्या माणसाने ती न्यावीच. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आम्ही पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. तिथला मुख्य धडा होता श्वास कोंडण्याचा. तळाचा दगड आणायचा तर छातीत हवा भरायची आणि दात आवळायचे. इथला पहिला नियम नेमका उलटा निघाला. 'काका, श्वास धरून ठेवायचो नाय हां. घेत रवा, सोडत रवा.' कारण ऐकल्यावर पटते. दहा मीटर खाली पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो आणि नळीतून येणारी हवा त्याच दाबाने येते. तिथे छाती भरून घेतली आणि श्वास कोंडून वर आलात, तर आतली हवा फुगून दुप्पट जागा मागते. फुप्फुसाला तेवढी जागा नसते. पाच-सहा मीटरवरही हा धोका असतो. जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां या फ्रेंचांनी १९४३ साली जी झडप तयार केली तिचे सारे महत्त्व यातच आहे : मागाल तेव्हा, मागाल तेवढी आणि खोलीला साजेशा दाबाची हवा ती देते. त्याआधी पाणबुड्याला बहुतेक वेळा वरून येणाऱ्या नळीला बांधून घ्यावे लागे किंवा छातीतल्या दमावर भागवावे लागे.

दुसरा धडा खुणांचा. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'छान' असा होत नाही. 'मला वर न्या' असा होतो. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की सगळे ठीक. आमच्या आळीतले सगळे व्हिडिओ मला त्या क्षणी नव्याने कळले.

खाली पंधरा-वीस फूट. कान दडे बसल्यासारखे झाले, नाक चिमटीत धरून फुंकल्यावर मोकळे झाले. पाणी निळेशार नव्हते. चार-पाच मीटरपुढे हिरवे धुके होते. पोस्टरवरचा समुद्र पाहायला जाणाऱ्याने आधीच मनाची तयारी करावी, हा मालवण आहे, मालदीव नव्हे. पण त्या धुक्यातून एकेक वस्तू जवळ येते तेव्हा ती अंगावर काटा आणते. पाण्यात सारे काही थोडे मोठे आणि थोडे जवळचे दिसते. पोपटमासा खडकाला तोंड लावून खरोखर कुरतडत होता. फुलपाखरू मासे जोडीने फिरत होते, देवळाला निघालेल्या नवरा-बायकोसारखे, एक पुढे एक मागे. एका कपारीत काळ्या लांब काट्यांचा गोळा, साळिंदराच्या पोरासारखा. आणि सर्वांत नवल वाटले ते आवाजाचे. समुद्राखाली शांतता असते असे मी दोन कादंबऱ्यांत लिहिले आहे, पण तिथे तर तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा अखंड तडतडाट होता. नांगी आपटणाऱ्या बारीक कोळंबीचा तो आवाज. जिवंत प्रवाळाच्या वस्तीत असा गलबला असतो, मेलेल्या वस्तीत तो ओसरतो. गाव जागते आहे की उठून गेले आहे, हे डोळे मिटूनही कळावे असे.

माझ्या शेजारी दुसऱ्या होडीतला एक गृहस्थ उभा होता. उभा, असेच म्हणायला हवे. त्याचे दोन्ही पाय टर्बिनेरियाच्या पानावर होते आणि समोरचा मुलगा त्याचा व्हिडिओ घेत होता. माशांनी चौकटीत यावे म्हणून पाव कुस्करून टाकला जात होता. तो गृहस्थ दुष्ट नव्हता. त्याला कोणी सांगितले नव्हते. दगडावर उभे राहिलो असेच त्याला वाटत असणार.

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी ह्याच प्रश्नाचा अभ्यास करून २०२० साली निबंध प्रसिद्ध केला : मालवणच्या अभयारण्यात हौशी डायव्हिंगमुळे प्रवाळ तुटत आहेत आणि त्याची जबाबदारी कोणावरच नाही. कारणे पाहावीत तर अगदी घरगुती. पाय टेकणे, हात लावणे, त्याच त्या चार खडकांवर गर्दी करणे, होडीचा नांगर थेट प्रवाळावर टाकणे. नांगराचा एक फटका शंभर वर्षांचा हिशेब मिटवतो. २००१ पासून दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. कायद्याच्या पंक्तीत ते वाघाशेजारी बसतात. वाघाच्या पाठीवर उभे राहून कोणी व्हिडिओ काढत नाही, त्याचे कारण कायदा नसून वाघ आहे.

मोठे दुखणे आहे उष्म्याचे. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले की प्रवाळ आपल्या अंगातले शैवाल हाकलून देतो. भाडेकरू गेले, रंग गेला, चूल बंद. वस्ती पांढरी पडते. पाणी लवकर निवले तर पुन्हा सावरते, नाहीतर उपासमारीने मरते. १९९८ साली हे जगभर घडले, पुन्हा २०१० मध्ये, मग २०१४ ते २०१७, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक लाटेची घोषणा केली. लक्षद्वीपने हे आघात वारंवार सोसले, आणि मालवणलाही पांढरे पडलेले प्रवाळ नोंदले गेले आहेत. समुद्राचे तापमान मालवणच्या किंवा मेढ्याच्या माणसाच्या हातात नाही. नांगर हातात आहे. तापाने खंगलेल्या माणसाच्या अंगावर आपण उभे राहत नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

मार्ग अगदीच नाही असे नाही. खडकांजवळ कायमचे तरंगते बोये लावले तर होडी बोयाला बांधता येते, नांगर टाकावा लागत नाही. एका खडकावर एका वेळी किती होड्या, हे ठरवता येते. नवशिक्याला आधी वाळूच्या तळावर दहा मिनिटे तरंगायला शिकवून मग खडकाकडे नेता येते. यातून दर वाढतील. वाढू द्यावेत. आज स्पर्धेत दर उतरवत नेले आहेत, आणि जिथे दर उतरतो तिथे आधी काटछाट होते ती शिकवण्याच्या वेळेत आणि सुरक्षिततेत. २४ मे २०२२ रोजी स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी तारकर्लीजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला, हे विसरून चालणार नाही. माझ्या मते राखण्याचे काम बाहेरच्या पहारेकऱ्याला जमणारे नाही. ते पाण्यात रोज उतरणाऱ्या त्या मुलांनाच द्यावे, त्याचा पगार द्यावा आणि गर्दी नाकारण्याचा अधिकारही द्यावा. १९८७ साली त्यांच्या वडिलांना कोणी विचारले नव्हते. आता निदान मुलांना विचारावे.

गर्दी वाटून देण्याची एक योजना सरकारनेही हाती घेतली आहे. 'गुलदार' ही नौदलाची नौका १९८५ साली सेवेत आली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. निवतीच्या समुद्रात ती बुडवून तिच्यावर प्रवाळ आणि मासे वसवायचे, पर्यटकांनी ती पाहायला उतरायचे, असा हा प्रकल्प आहे. अडतीस वर्षांच्या नोकरीनंतर पुन्हा नेमणूक, तीही पाण्याखाली! आम्हा निवृत्तांना हेवा वाटावा अशी गोष्ट. लोखंडावर प्रवाळ धरायला मात्र वर्षे जातील, आणि नवी वस्ती होईल म्हणून जुनी मोडायला मोकळीक मिळत नाही.

खरी श्रीमंती आणखी दूर आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, भर समुद्रात, पाण्याखाली एक पठार आहे. त्याच्या माथ्यावर विस्तीर्ण प्रवाळ आहेत, आणि किनाऱ्याचा गाळ तिथवर पोचत नसल्याने पाणी स्वच्छ. नाव अंग्रिया बँक. कान्होजी आंग्ऱ्यांचे नाव इंग्रज आपल्या कागदांत 'अंग्रिया' असे लिहीत, त्यावरून पडलेले. बँक म्हणजे समुद्रातला उंचवटा, हे मला वयाच्या साठीत कळले. तोवर त्या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांची एक मोहीम तिथे जाऊन आली. अडचण अशी की वन्यजीव कायद्याखाली अभयारण्य करता येते ते किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, आणि हे ठिकाण त्याच्या कितीतरी पलीकडे, देशाच्या आर्थिक क्षेत्रात. त्याला संरक्षण द्यायचे तर सागरी क्षेत्रांच्या १९७६ च्या निराळ्या कायद्याचा आधार शोधावा लागतो.

तिथे वीस मिनिटांच्या पर्यटकाला जाता येत नाही. रीतसर शिक्षण घेऊन पहिले प्रमाणपत्र मिळाले की अठरा मीटरपर्यंत उतरता येते, आणि अंग्रियाचा माथाच विसाच्या आसपास आहे. त्या खोलीवर रक्तात नायट्रोजन मुरतो, सावकाश वर यावे लागते, नंतर बारा ते अठरा तास विमानात बसायचे नाही, लगेच घाटही चढायचा नाही. म्हणजे मेढ्याच्या माणसाने एक मुक्काम कोकणातच करायचा. पुढच्या प्रमाणपत्राची परीक्षा वेगळी. बँकेत असताना बढतीच्या परीक्षा मी एकदाही चुकवल्या नाहीत. तारकर्लीला चौकशी केली, तर वयाची वरची अट नाही म्हणतात, डॉक्टरांची चिठ्ठी हवी. घरी अजून सांगितलेले नाही.